खोगीर, लगाम, दाणा: सामानाची खोली स्वतःच्या हाताने लावायची आहे

टापांची वही:

नमस्कार. दोन घोडे आणि एक म्हातारी घोडी, एवढीच माझी पागा. सगळं मीच बघते. ठाणांच्या, म्हणजे घोडे बांधायच्या खणांच्या, ओळीच्या शेवटी आठ बाय दहा फुटांची एक खोली आहे. तिची एक भिंत घोडीच्या ठाणाला लागून आहे, समोरच्या भिंतीत छोटी खिडकी, खाली सिमेंट. इतकी वर्षं या खोलीत जे जिथे मावलं तिथे गेलं. खोगिरं आडव्या पिंपावर, लगाम खिळ्यांवर, दाण्याची पोती कोपऱ्यात, ओल्या झुली दाराच्या फळीवर आणि औषधं बुटांच्या खोक्यात.

गेल्या आठवड्यात माझ्या रोजच्या घोड्याचा लगाम सुटा करून पुसायला घेतला. कानामागून जाणारा पट्टा बोटावर वाकवला, तर जिथे तो खिळ्यावर टांगलेला असतो बरोबर तिथे आडवी भेग. नखाने जरा फाकवली तर आत चामडं कोरडं आणि फिकट, वहीच्या पुठ्ठ्यासारखं. वरून मात्र पट्टा छान चमकत होता, कारण तेल मी वेळच्या वेळी लावते. तेल वरच राहिलं आणि खिळा आपलं काम करत राहिला. दौडीत तो पट्टा तुटला असता तर तोंडातली कडी घसरून खाली आली असती आणि माझ्या हातात नुसते दोन पट्टे उरले असते. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी खोगीर उलटं करून पाहिलं. पोटाच्या दोन्ही गाद्यांवर, बाहेरच्या कडेला, पिंपाच्या गोलाईचा दाब उमटलाय. लोकर तिथे दबून कडक झाली आहे. घोडा गेले काही दिवस खोगीर चढवताना पाठ का आकसतो, ते मला आत्ता कळलं. मी तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) बदलून पाहिला, नमदा (खोगिराखालची जाड घडी) बदलून पाहिला, आणि कारण या खोलीत पडून होतं.

तेव्हा आता खोली मोकळी करून नव्याने लावायची आहे. तयार रॅक विकत घ्यायचे नाहीत, स्वतः करायचं आहे. करवत, ड्रिल, रंधा आहे आणि बऱ्यापैकी हात चालतो. सामानाच्या लाकडी पॅलेटी आहेत पाचसहा, चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आहेत, प्लायवुडची एक अख्खी शीट आहे.

खोगिराच्या घोडीला, म्हणजे स्टँडला, आकार कोणता द्यायचा? पाइप वापरला तर चालेल का? दाणा आणि चामडं एकाच खोलीत ठेवावं का? आणि ठाणाला लागून असलेल्या भिंतीचं काय करू? तिच्यावर हात फिरवला की गार आणि दमट लागते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर सांगावं, मी प्रत्येक ओळ वाचणार आहे.


रंधा:

सुतारकामापुरतं मी सांगतो. घोड्यांचं बाकीचे सांगतील.

पाइप नको. चार इंची पाइपवर खोगीर ठेवलं तर ते मधल्या पन्हळीवर बसतं. पन्हळ ही घोड्याच्या कण्याला मोकळी जागा मिळावी म्हणून असते, वजन झेलायला नसते. पिंपावर उलटं झालं: पिंप इतकं रुंद की वजन गाद्यांच्या बाहेरच्या कडांवर गेलं. तुम्हाला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय, जिथे दोन्ही गाद्या सपाट टेकतील आणि मधली पन्हळ अधांतरी राहील.

जाड पुठ्ठा घ्या. खोगीर उलटं करून पुढच्या बाजूला, गाद्यांच्या मध्ये, पुठ्ठा कापत कापत बसवा. तो नीट बसला की तोच तुमचा साचा. असाच एक मागच्या बाजूचा करा. दोन्ही साचे सारखे येणार नाहीत, मागचा जास्त पसरट येतो. त्या साच्यांवरून प्लायवुडचे दोन त्रिकोणी तुकडे कापा आणि त्यांच्यावर दोन फळ्या घराच्या छपरासारख्या उतरत्या बसवा. फळी सहा इंच रुंद पुरे. लांबी मोजताना गाद्या जिथे टेकतात ती लांबी धरा आणि वर दोन-तीन इंच वाढवा. बहुतेक खोगिरांना बावीस इंच पुरतात. वर, छपराच्या आढ्यावर, फळ्या एकमेकींना भिडवू नका, दोन बोटांची फट ठेवा. त्या फटीतून हवा खेळते.

कडा रंध्याने गोल करा आणि पॉलिश पेपर फिरवून आपल्याच गालावर घासून बघा. गालाला टोचलं तर चामड्यालाही टोचणार.

स्क्रूची डोकी उघडी ठेवू नका. भोक मोठं करून डोकं आत बसवा आणि वर लाकडाची पुट्टी भरा. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही. चामडं कमावताना जे टॅनिन वापरतात त्याची लोखंडाशी क्रिया होऊन तो रंग तयार होतो.

भिंतीवर बसवताना जरा हिशोब करा. समजा खोगीर पंधरा किलोचं आहे, काउबॉय पद्धतीची खोगिरं सहज तेवढी भरतात. त्याचा भार भिंतीपासून बारा इंचांवर पडतो. तुमच्या स्टँडची भिंतीला टेकणारी पाठ आठ इंच उंच असेल, तर वरचा स्क्रू साडेबावीस किलोच्या जोराने बाहेर खेचला जातो. पाठ सोळा इंच केली की तोच जोर सव्वाअकरावर येतो. एवढी एक फळी उंच घ्यायला काहीच लागत नाही, म्हणून ती घ्याच. खाली तिरका आधारही द्या. आणि नुसत्या विटेत प्लग ठोकून विसंबू नका. भिंतीवर आधी दोन उभ्या जाड पट्ट्या बोल्टने बसवा, स्टँड त्या पट्ट्यांना अडकवा. पुढे जागा बदलावीशी वाटली तर भिंत पुन्हा फोडायला लागत नाही.

एकावर एक दोन खोगिरं लावणार असाल तर मध्ये अडीच फूट सोडा. कमी सोडलं की खालचं काढताना वरच्याची रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, डोक्यात बसते. जड खोगीर कमरेच्या उंचीला, हलकं वर.

पॅलेटींबद्दल एक. कुठून आल्या, काय वाहून आल्या ते माहीत नसेल तर त्यांच्या फळ्या चामड्याला किंवा दाण्याला लागतील अशा ठिकाणी वापरू नका. जमिनीवर पिंपाखाली घालायला उत्तम.


जुनी पागा:

टापांची वही, तुमचा लगामाचा अनुभव वाचून हात थरथरला, कारण माझ्याकडे तो पट्टा खरोखर तुटला होता. सुदैवाने पागेच्या आवारातच, चालत्या घोड्यावर. बावीस वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या पागेत चामडं खिळ्यावर गेलेलं नाही. लगामाला घोड्याच्या मानेएवढी नाही, तरी निदान वाटीएवढी गोलाई हवी. तुमचा चार इंची पाइप इथे कामी येईल. तीन इंच लांबीचे तुकडे कापा, मागून लाकडी चकती बसवून भिंतीला लावा, पुढे थोडा मोठा काठ ठेवा म्हणजे पट्टा घसरत नाही. मी जाड लाकडी ओंडक्याच्या अर्ध्या चकत्या वापरल्यात, त्याही चालतात. पट्टा त्यावर तसाच वळतो जसा घोड्याच्या कानामागे वळतो.

आता मुख्य गोष्ट. रंधा यांनी स्टँड उत्तम सांगितलाय, पण माझ्या मते तुम्ही आधी स्टँड करू नका. आधी ओल्या सामानाची जागा करा. आपण सामानाची खोली लावायला घेतो तेव्हा डोळ्यासमोर कोरडं, पुसलेलं, जागच्या जागी टांगलेलं सामान असतं. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी त्या दारातून काय येतं? घामाने भिजलेला तंग, घोड्याच्या पाठीच्या वाफेने ओला झालेला नमदा, लाळ लागलेली कडी, पावसात भिजलेली झूल. या सगळ्याला जागा नसली की ते दाराच्या फळीवर जातं, नाहीतर कोरड्या खोगिरावर. तिथून बुरशी सुरू होते. माझी पहिली खोली दिसायला सुंदर होती, सगळी कपाटं बंद, आणि पावसाचे तीन आठवडे संपले तेव्हा आतल्या प्रत्येक खोगिरावर हिरवट पांढरी लव होती. बोट फिरवलं की पिठासारखी उडायची. दारं उखडून टाकली मी त्या कपाटांची.

म्हणून खिडकीच्या भिंतीला, खोलीच्या त्या अख्ख्या बाजूला, फक्त वाळवण. झुलींसाठी भिंतीपासून फूटभर पुढे जाड दांडे. मनगटाएवढे तरी जाड घ्या, नाहीतर झूल मधोमध दुमडून चिकटते आणि आतली बाजू ओलीच राहते. बिजागरीवर फिरणारे दांडे केलेत तर चार झुली फूटभर जागेत पंख्यासारख्या उघडतात. नमदे खालची बाजू वर करून टाकायचे, घाम तिथेच असतो. तंग दोन्ही बकलांनी टांगू नका, एका टोकाने सरळ सोडा. दांड्यांखाली जमिनीला किंचित उतार मिळाला तर पाणी दाराकडे जातं.

हीटर लावून चामडं वाळवायचा मोह होतो, तो टाळा. आचेवर वाळलेलं चामडं आखडतं आणि मग तेल पीत नाही. वारा पुरेसा आहे. खिडकीसमोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका पाडा, खालून गार हवा येईल, वरून दमट निघून जाईल. एक साधा आर्द्रतामापक टांगा. काटा बरेच दिवस सत्तरच्या वर राहिला की बुरशी येणारच, पन्नास-साठच्या आसपास असला की चामडं सुखात असतं. खोगिरावर सुती कापड टाका. प्लास्टिक नको, ते आतली ओल आतच कोंडतं.

तुमची ती दमट भिंत ठाणाकडून ओल ओढते. त्यातून मुताचा अमोनियाही येतो, नाकाला झोंबतो तोच. चामड्याला आणि शिलाईच्या दोऱ्याला तो चांगला नाही. त्या भिंतीवर चामडं टांगूच नका. तिथे उभ्या रिपा ठोकून दोन इंच सोडून फळ्या लावा, खाली-वर फट ठेवा आणि तिच्यावर लोखंडी, प्लास्टिकचं सामान ठेवा: खरारे, खुरातली घाण काढायचे आकडे, बादल्या, फावडं. घोडीच्या ठाणातली लीद-मूत जास्त वेळा काढाल तर भिंतही हळूहळू सुकेल.

दाणा आणि चामडं एकत्र ठेवावं का, असं विचारलंत. नको. दाणा असला की उंदीर येतो, आणि दाणा नसेल त्या दिवशी त्याला घामाने खारट झालेलं चामडंही चालतं. पण दाणा वेगळा ठेवायचं त्याहून मोठं कारण घोडा आहे.

माझा एक घोडा होता, ओठांनी कडी सरकवायला शिकलेला. रात्री ठाणाचं दार उघडून तो दाण्याच्या पेटीपाशी गेला. पेटीला नुसतं लाकडी झाकण होतं, ते त्याने नाकाने उचलून मागे टाकलं. पहाटे मी आलो तेव्हा तो पेटीत मान घालून उभा होता, कान मजेत हलत होते, नाकपुड्यांवर दाण्याचं पीठ. पेटीचा तळ दिसत होता. वरवर बघता घोडा एकदम ठणठणीत. मी तरीही लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि ते बरं केलं, कारण घोड्याला उलटी होत नाही, जे गेलं ते पुढेच जातं. एवढा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि त्याचा घाव शेवटी खुरांवर पडतो. लॅमिनायटिस म्हणतात तो हाच. तो लगेच दिसत नाही, एक-दोन दिवस मध्ये जातात. उपचार चालू असूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा घोडा पुढचे पाय लांब टाकून, सगळं वजन मागच्या पायांवर घेऊन उभा राहिला. एक पाऊल टाकायला तयार नव्हता. खूर हाताला गरम लागत होते. त्याला बरं व्हायला कित्येक महिने लागले. पूर्वीसारखा तो धावला नाही.

तेव्हा दाण्याला स्वतंत्र दार हवं, आणि त्या दाराला अशी कडी हवी जी उघडायला अंगठा आणि बोट दोन्ही लागतात. शिवाय कोयंड्यात हूक अडकवा. आत पत्र्याची पेटी, घट्ट झाकणाची. प्लास्टिकचं पिंप उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पेटी पॅलेटीवर आणि भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे मागे झाडू जातो आणि उंदराला आडोसा मिळत नाही. नवं पोतं जुन्यावर ओतू नका. तळाशी राहिलेला दाणा खवट होतो, कोपऱ्यात गोळे धरतो, बुरशीचा दाणा घोड्याला अजिबात चालत नाही. पेटी संपली की पुसून, उन्हात वाळवून मगच भरायची.

कोणी बंद पडलेला मोठा फ्रीजर दाण्याला वापरायला सांगेल. तो उंदरापासून खरंच सुरक्षित असतो. पण लहान मुलं पागेत येत असतील तर त्याची आपोआप बसणारी कडी आधी काढून टाका. आत अडकलेल्या मुलाला तो आतून उघडता येत नाही.

मोरख्यांचं, म्हणजे घोडा धरून न्यायला तोंडावर चढवायच्या पट्ट्यांचं, तुम्ही लिहिलं नाहीत. त्या या खोलीत ठेवूच नका. प्रत्येक ठाणाच्या दाराबाहेर, त्या त्या घोड्याची मोरखी दोरासकट टांगलेली असू दे. आग लागली तर अंधारात, धुरात तुम्हाला खोलीपर्यंत जायला वेळ मिळणार नाही. मात्र ती टांगायला उघडा आकडा वापरू नका. घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवरचा आकडा पापणी फाडतो, मी पाहिलंय. जाड, गोल टोकाची लाकडी खुंटी ठोका.


टापांची वही:

जुनी पागा, तुमच्या घोड्याचं वाचून थेट दाण्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले. माझ्या पोत्यांना तर पेटीही नाही. आजच पोती उचलून गाडीच्या शेडमध्ये कुलपात ठेवली, पेटी होईपर्यंत तिथेच.

रंधा, पुठ्ठ्याचा साचा काढला. दोन खोगिरांचे साचे एकमेकांवर ठेवले तर अंगठ्याएवढा फरक आला. मी दोन्ही एकाच पिंपावर आलटून पालटून ठेवत होते.

औषधांच्या खोक्याबद्दल कोणी सांगेल का? आणि गवताचे काही गठ्ठे याच खोलीच्या माळ्यावर ठेवावेत असं मनात होतं.


खरारा:

गवत माळ्यावर नको, ताई. नीट न सुकलेलं गवत बांधलं की गठ्ठा आतून तापतो. ओल वीस टक्क्यांच्या वर असली की धोका सुरू होतो, आणि जास्तच ओलं असेल तर कित्येक आठवड्यांनीही ते आपोआप पेटू शकतं. खाली घोडे, वर गवत ही मांडणी जुन्या तबेल्यांत सगळीकडे दिसते, म्हणून ती बरोबर वाटते. गवत वेगळ्या छपराखाली ठेवा आणि पागेत दोन दिवसांपुरतंच आणा. नवीन आलेल्या गठ्ठ्यात मधोमध हात घालून बघायची सवय लावा. ऊब लागली तर गठ्ठे सुटे करून पसरा. हात ठेववणार नाही इतका गरम असेल तर गंजी उपसत बसू नका, हवा लागून भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवा.

औषधांसाठी मी एक उथळ कपाट केलंय, जेमतेम पाच इंच खोल. खोल कपाटात बाटल्या एकमेकींच्या मागे लपतात आणि मुदत संपलेली बाटली नेमकी नको त्या रात्री हाताला लागते. कपाट ठाणाच्या भिंतीवर नाही, उन्हात नाही. दाराच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय: ताप ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, आणि डॉक्टरांचा नंबर. त्याखाली प्रत्येक घोड्याचं स्वतःचं, तब्येत चांगली असतानाचं माप. माझ्या एका घोडीची नाडी कायम तिसाच्या आसपास असते, तिची चव्वेचाळीस झाली तर ती माझ्या हिशोबी आजारी. हे घाबरलेल्या वेळी आठवत नाही, वाचता आलं पाहिजे. थर्मामीटरला दोरा बांधून चिमटा लावलाय, तो शेपटीला अडकतो.

आणखी एक सांगायचंच आहे. माझ्याकडे कोंबड्याही आहेत. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. त्यांना ते चालतं, घोड्याच्या मात्र ते थेट हृदयावर जातं, थोड्या मात्रेतही जीव जातो. म्हणून दोन्ही खाद्यं एका खोलीत ठेवायची नाहीत, आणि मापटंही एक नको. माझं घोड्यांचं मापटं पत्र्याचं आहे, कोंबड्यांचं लाल प्लास्टिकचं, आणि लाल मापटं घोड्यांच्या बाजूला दिसलं की घरातलं कोणीही ते उचलून परत नेतं. उंदराचं विषही दाण्याच्या पेटीजवळ ठेवू नका.


टापांची वही:

तीन आठवड्यांनी लिहितेय. खिडकीच्या बाजूचं वाळवण आधी केलं, जुनी पागा म्हणाले तसं. झुलींचे चार फिरते दांडे बसवले. दुसऱ्याच दिवशी पाऊस झाला आणि चारही झुली उघड्या पंख्यासारख्या टांगल्या. सकाळी त्या हाताला कोरड्या लागल्या. यापूर्वी त्यांना तीन दिवस लागायचे.

खोगिराचे दोन स्टँड झाले. प्रत्येकावर आतून खडूने घोड्याचं नाव लिहिलंय, कारण साचे वेगळे आहेत. पहिला स्टँड मी चुकवला. त्रिकोण उलटे बसवले, अरुंद बाजू मागे गेली, खोगीर पुढून डुगडुगायला लागलं. सोडवून पुन्हा बसवला. आता खोगीर ठेवलं की दोन्ही गाद्या अंगासरशी टेकतात, आणि मध्ये बोट घातलं तर पुढून मागेपर्यंत मोकळं जातं. खोगिराच्या कारागिराकडून दबलेली लोकर काढून नवी भरून घेतली. काल घोड्यावर चढवलं तेव्हा त्याने पाठ आकसली नाही. मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावून उभा राहिला, तंग आवळेपर्यंत.

लगामाचा पट्टा बदलला. जुना मी टाकला नाही, खोलीच्या दाराशी टांगलाय.

आता स्टँडना जवसाचं तेल द्यायला घेतलंय, ते दोन तास मुरवून फडक्याने पुसायचं असं ठरवलंय. आणि ठाणात अंथरायला रंध्याचा भुसा वापरता येईल का? पोतंभर साठलाय.


रंधा:

तेल द्या, पण फडक्यांकडे लक्ष द्या. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. तेलाची फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती उष्णता आत साठते आणि काही तासांत फडकी आपोआप पेट घेतात, काडी न लावता. पागेत, भुशाच्या पोत्याशेजारी तर विचारूच नका. प्रत्येक फडकं बाहेर, मोकळ्या हवेत, सुटं पसरून वाळवा, कडक झालं की मगच टाका. आजच्या आज टाकायची असतील तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. स्टँडवर खोगीर ठेवायच्या आधी आठवडाभर थांबा. तेल ओलं असेल तर गाद्यांच्या चामड्याला चिकटतं.

भुसा कोणत्या लाकडाचा आहे ते खात्रीने सांगता येईल का? प्लायवुडचा असेल तर नकोच, त्यात गोंद असतो. काळ्या अक्रोडाचा तर थोडासा मिसळला तरी घोड्यांचे पाय एका दिवसात सुजतात आणि खुरांना तोच लॅमिनायटिस होतो. जुन्या फर्निचरच्या फळ्या रंधल्या असतील तर त्यात काय आहे ते आपल्याला कळत नाही.


टापांची वही:

अर्धा प्लायवुडचा आहे, अर्धा एका जुन्या कपाटाच्या फळ्यांचा. पोतं बांधून बाहेर ठेवलं. फडकी कुंपणाच्या तारेवर एकेक करून पसरली, पाच आहेत, मोजून ठेवलीत.